सहा नावं, एक मोबाईल

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव आदरणीय शिवलिंगअप्पा, व्यासपीठावरचे प्राचार्य महोदय, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते आपल्या दूरशिक्षण अभ्यासकेंद्राचे समन्वयक आणि माझे सहकारी गुरुलिंग हासबे सर, बऱ्याच वर्षांनी भर दुपारी नवऱ्याच्या शेजारी बसायला मिळालेल्या सौभाग्यवती कावेरीवहिनी, माझे प्राध्यापक मित्र, कार्यालयातले सहकारी, आणि लातूर-नांदेडच्या गावागावांतून एसटी बदलत इथवर आलेले आमचे विद्यार्थी बंधू-भगिनींनो,

मी मृत्युंजय बिडवे, अर्थशास्त्र शिकवतो. सूत्रसंचालकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. अध्यक्ष महोदय, पंचेचाळीस मिनिटांचा तास घेण्यात ज्याची हयात गेली, त्याला दहा मिनिटांत नीट घसाही साफ करता येत नाही. तेव्हा थोडं इकडेतिकडे झालं तर बेल वाजवू नये, ही विनंती. शिवाय आज मला नुसतं कौतुक करायचं नाही. एक गोष्ट सांगायची आहे आणि ती आजच, माझ्यानंतरच्या वक्त्या उभ्या राहायच्या आत सांगायची आहे. माझ्यानंतर शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या राजकन्याताई बोलणार आहेत. ताई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि त्यांच्यासोबत त्यांच्या पाच मैत्रिणीही आल्या आहेत. आपण सगळ्या येणार, हे त्यांनी मला कालच फोनवर सांगितलं होतं.

या सभागृहात आज एक गंमत घडली, ती कुणाच्या लक्षात आली का? दारात आमचे काही विद्यार्थी पाट्या वाचत उभे होते. नायगावचा एक पदवीधर मला म्हणाला, सर, तीन वर्षं शिकलो, पण कॉलेज आज पाहून राहिलो. मी त्याला हाताला धरून आत आणलं. जो वर्ग त्याने कधी बघितला नाही, त्याच वर्गात तो पास झाला. याला काय म्हणावं? रविवारी सकाळी अकराला आम्ही थेट तास घेतो. पडद्यावर एकेक नाव उजळत जातं. कुणी कंधारला दुकानाच्या गल्ल्यावर, कुणी डेपोत ड्युटी सुटायची वाट बघत, कुणी उभ्या ट्रॅक्टरवर. दोन जिल्हे एका तासाला बसतात आणि बसायला खोली लागत नाही. ज्याने खडूच्या धुळीत जन्म काढला, त्याला हे अजून खरं वाटत नाही.

पण सुरुवातीला मी या सगळ्याच्या पार विरोधात होतो, हे इथल्या कुणालाही विचारा. धडे चित्रित करून पोर्टलवर चढवायचे, विद्यार्थी आपापल्या घरी बघतील, हजेरी आपोआप लागेल, असं पत्र जेव्हा आलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये म्हणालो होतो की हे म्हणजे भिंतीला शिकवणं आहे. हासबे सर मुळात भूगोलाचे. निवृत्तीला सहा वर्षं राहिलेली. ते मात्र शाळकरी मुलासारखे वही घेऊन बसले. कोणतं बटण दाबलं की काय होतं, हे त्यांनी त्या वहीत हाताने लिहून काढलं. ग्रंथालयामागच्या अडगळीच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून घरची दोन ब्लँकेटं आणून टांगली. वहिनी, ती ब्लँकेटं अजून तिथेच आहेत, हिवाळ्यात तुमचे हाल झाले असतील तर त्याला मी जबाबदार नाही.

त्या खोलीत सरांनी माझे बावीस धडे चित्रित केले. समोर मोबाईल आणि मोबाईलमागे सर, तिसरं कुणी नाही. आणि मी सवयीने दर दहा मिनिटांनी विचारायचो, मागच्या बाकावर कळलं का? सर मोबाईलमागून मान हलवायचे. मला त्याचाही राग यायचा. रिकाम्या खोलीत बडबडणं मला वेड्यासारखं वाटायचं.

तर आता त्या गोष्टीकडे येतो. दोन वर्षांपूर्वीची आहे. रविवारचा थेट तास चालू होता, मागणीचा नियम शिकवत होतो. भाव वाढला की मागणी घटते, एवढं साधं. तेवढ्यात राजकन्या असं नाव असलेल्या चौकोनातून वयस्कर बाईचा आवाज आला, "सर, टँकरचा भाव दुप्पट झाला तं आमी पाणी अर्धं पेलो का?"

लातूरकरांनो, पाण्याचं तुम्हाला काय सांगायचं? प्रश्न लाख मोलाचा होता. तो आमच्या नवव्या धड्यातला विषय होता आणि आम्ही तिसऱ्या धड्यावर होतो. ती बाई पुस्तकाच्या सहा धडे पुढे आपल्या पायांनी चालत गेली होती. पण माझं लक्ष प्रश्नाकडे नव्हतंच, आवाजाकडे होतं. कारण आदल्या रविवारी याच नावाने एका कोवळ्या मुलीने उत्तर दिलं होतं आणि त्याच्या आदल्या रविवारी आणखी तिसरीनेच. मी विचारलं, कोण बोलतंय? मग कोवळा आवाज म्हणाला, राजकन्या, सर. मी म्हणालो, विषयाला धरून बोला. आणि पुढे गेलो.

तास संपल्यावर मी पोर्टलची नोंद उघडली. तिथे कोण कधी आलं, कोणत्या मोबाईलवरून आलं, किती वेळ थांबलं, सगळं लिहिलेलं असतं. माझ्यासारख्या संशयी माणसाच्या हातात ते पडलं. काय दिसलं? एकाच गावची सहा नावं. सहाही नावं एकाच मोबाईलवरून आलेली. सोमवारी दुपारी दोन वाजता एक नाव, मंगळवारी दोनला दुसरं, असं शनिवारपर्यंत, आणि सहा दिवस धडा एकच. पोर्टलने त्यापुढे नुसती एक पिवळी खूण केली होती. बाकी काही म्हटलं नव्हतं.

मी म्हटलं. एक बाई सहा जणींची हजेरी लावते, असा निष्कर्ष मी काढला आणि वर अहवाल पाठवला. संघटित स्वरूपाची बनावट हजेरी, हे त्यातले शब्द. शब्द चांगले जमले म्हणून मी दोनदा वाचले होते. खाली माझी सही होती.

राजकन्याताई, मला दिसतंय, तुम्ही उठून उभ्या राहिलात. थोडं बसा. मी पूर्ण सांगतो.

त्या अहवालावर वरून लगेच कारवाई झाली. सहा जणींचं पोर्टल बंद झालं आणि परीक्षेचे अर्ज अडकले. परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. पाच जणी पुढच्या वर्षी बसू शकल्या असत्या. राजकन्याताईंना पुढचं वर्ष नव्हतं. अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबत, लग्नानंतर सुटलेली पदवी त्या वर्षानुवर्षं एकेक पेपर करत ओढत होत्या, आणि नोंदणीची मुदत त्या परीक्षेला संपत होती. ती हुकली असती तर आधी सुटलेले पेपरही वाया गेले असते. हे मला अहवाल लिहिताना माहीत नव्हतं. बघितलं असतं तर माहीत झालं असतं, तेही त्याच पोर्टलवर लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी हासबे सर हातात छापील कागद घेऊन माझ्याकडे आले. सर चिडले की त्यांची कंधारची बोली वर येते. त्या दिवशी बोली होती, पण चीड नव्हती. माझ्याच नोंदीतला एक रकाना त्यांनी पेनाने गोल केला होता. धडा पस्तीस मिनिटांचा आणि तो बघायला लागलेला वेळ एक तास दहा मिनिटं. प्रत्येक नावाला जवळपास तसाच. कुठेकुठे थांबवलेला, कुठे मागे नेलेला. सर म्हणाले, "बिडवे सर, ज्याला हजेरीच चोरायची हाय त्यो धडा लावून शेताला जाईल का थांबवून थांबवून ऐकत बसंल?"

मी कसंबसं म्हणालो, मोबाईल एकच आहे ना. सर म्हणाले, चला, बघून येऊ.

आम्ही एसटीने शिरूर अनंतपाळला गेलो, तिथून ऑटोने चार किलोमीटर. गावात पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. सरांनी आधी कळवलं नव्हतं. अंगणवाडीची पोरं घरी गेलेली, ओसरीवर सहा बायका पाठमोऱ्या बसलेल्या आणि पोषण आहाराच्या पोत्याला टेकून मोबाईल उभा केलेला. मोबाईलमध्ये मी होतो.

लक्षात घ्या, पोर्टल बंद झालेलं होतं. हजेरी लागत नव्हती. परीक्षा होणार की नाही हेही कुणाला ठाऊक नव्हतं. बायकांनी धडे आधीच मोबाईलमध्ये उतरवून ठेवलेले होते आणि नेहमीच्या वेळी नेहमीसारख्या त्या येऊन बसल्या होत्या. आम्ही दोघं मागे लिंबाच्या सावलीत उभे राहिलो. एका वयस्कर बाईने, म्हणजे आपल्या भामाबाईंनी, मोबाईल थांबवला आणि मी सांगितलेलं स्वतःच्या शब्दांत बाकीच्यांना सांगायला सुरुवात केली. अध्यक्ष महोदय, त्या माझ्यापेक्षा चांगलं सांगत होत्या. मधेच म्हणाल्या, इथं सर लई घाई करतेत, आपण घाई करायची न्हाई. मग मोबाईल पुन्हा चालू केला. आणि मोबाईलमधल्या मी विचारलं, मागच्या बाकावर कळलं का?

ओसरीच्या खांबाला टेकून बसलेली सगळ्यात मागची बाई मोबाईलवरची नजर न काढता म्हणाली, "हाव सर."

मी तिच्या मागे चार पावलांवर उभा होतो. आयुष्यभर हा प्रश्न मी जिवंत वर्गांना विचारला आणि उत्तराची वाट न बघता फळ्याकडे वळलो. ज्या प्रश्नाला मी भिंतीला विचारलेला प्रश्न समजत होतो, त्याला इथे रोज दुपारी उत्तर मिळत होतं. मी बोललो ते कुठेतरी पोचतं, कुणी ते उचलून घेतं, त्यावर विचार करतं, आणि मला त्याचा पत्ताही नसतो. शिक्षकाने हे नुसतं मानायचं असतं. मला ते डोळ्यांनी बघायला मिळालं.

मग त्यांनी आम्हाला पाहिलं. पदर सावरले गेले, सतरंजी आली, चहा आला. सरांनी हळूहळू सगळं विचारून घेतलं. सहा जणींत नेट चालणारा मोबाईल एकच होता, राजकन्याताईंचा. यांचा समज असा, की एका वेळी ज्याचं नाव लावलं त्याचीच हजेरी. म्हणून वार वाटून घेतलेले, सोमवार एकीचा, मंगळवार दुसरीचा. आमच्या सूचनापत्रात एका मोबाईलवर दोघींनी शिकायचं झालं तर काय करावं, याबद्दल एक ओळ नव्हती. ते सूचनापत्र मीच तपासलं होतं. सगळ्यात लहान आरतीने एकदा सुचवलं होतं म्हणे, की बाकीचे दिवस नुसता धडा लावून ठेवू आणि कामाला जाऊ. भामाबाईंनी तिला तिथेच गप्प केलं होतं. जिचं नाव लावलंय तिनं ऐकल्याशिवाय हजेरी कशी लागेल, असं त्यांचं म्हणणं. आणि बाकीच्या पाच जणीही रोज येऊन बसायच्या. ज्या दिवशी जिचं नाव, त्या दिवशी तिनेच थांबवून शिकवायचं, असा त्यांनीच घालून घेतलेला नियम होता. रविवारच्या थेट तासाला मोबाईल एकीकडून दुसरीकडे फिरायचा. घरच्या फोनवर कुणीही बोललं तरी फोन ज्याचा त्याचंच नाव सांगतात, तसं त्या राजकन्या म्हणून सांगत होत्या. त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं.

मी विचारलं, एकच धडा सहादा ऐकून कंटाळा येत नाही? राजकन्याताई म्हणाल्या, "पहिल्यांदा नुसता तुमचा आवाज कळतो सर. तिसऱ्यांदा धडा कळायला लागतो. पाचव्यांदा आमचं भांडण होतं. सहाव्यांदा मग डोक्यात बसतंय."

टँकरचा तो प्रश्न अशाच एका पाचव्या दिवसाच्या भांडणातून आला होता. मी म्हणालो होतो, विषयाला धरून बोला.

निघताना राजकन्याताई सरांजवळ आल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "सर, माझं नाव कटलं का? कुणी तक्रार केली आमची?"

मी शेजारीच उभा होतो. सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "तक्रार कोण करंल ताई? मशीनचा गैरसमज झालाय. आमी दोघं त्योच काढायला आलो."

आणि मी मान हलवली.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सूत्रसंचालक हातातल्या कागदाची घडी घालायला लागले आहेत. सरांनी वर लिहून दिलं की या सहा जणींची जबाबदारी माझी, यात खोटं निघालं तर मी समन्वयकपद सोडतो. त्यावर ठरलं की प्रत्येकीची स्वतंत्र तोंडी परीक्षा आभासी वर्गातच घ्यावी. त्याच ओसरीवरून, त्याच मोबाईलसमोर सहा जणी एकेक करून बसल्या. परीक्षक तिघं, इथे केंद्राच्या खोलीत; मी त्यांत नव्हतो. बाहेर बाकावर बसून ऐकत होतो. आरती पहिल्या प्रश्नाला अडखळली आणि मग थांबलीच नाही. भामाबाईंना परीक्षकांनी मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती हलते ते, विचारलं. त्यांनी टँकर सांगितला. तेव्हा एक परीक्षक म्हणाले, बाई, हे जरा पुन्हा सांगता का, मला लिहून घ्यायचंय.

पोर्टल उघडलं, अर्ज सुटले. राजकन्याताई त्या परीक्षेत पदवीधर झाल्या. बाकीच्या चौघी पुढच्या वर्षात गेल्या. भामाबाईंचा इंग्रजीचा पेपर राहिलाय. तो सोडवल्याशिवाय मी कुठे जात नाही, असं त्यांनी मला मघाशी दारातच बजावलं.

तेव्हापासून दर हिवाळ्यात या सहा जणींकडून आम्हा दोघांना हुरडा येतो. त्यांच्या लेखी आम्ही दोघं त्यांच्यासाठी धावून आलेले सर. मी तो हुरडा दोन वर्षं खाल्ला. घरी बायकोला कौतुकाने सांगितलंही, विद्यार्थिनींनी पाठवलाय म्हणून. आणि हासबे सरांनी या दोन वर्षांत एकदाही, चहा पिताना थट्टेतसुद्धा, माझ्या त्या अहवालाचा विषय काढला नाही. माझ्या चुकीचा आळ त्यांनी एका मुक्या यंत्रावर टाकला आणि तो तसाच राहू दिला. यंत्राने काय केलं होतं? जे घडलं तेवढंच लिहिलं होतं. ते मीही वाचलं आणि सरांनीही वाचलं. मी नावं मोजली, सरांनी त्या बायका किती वेळ ऐकत बसल्या ते बघितलं. त्यांच्या वहीत बटणं कितीही लिहिली असोत, हे कोणत्याही बटणाने येत नाही.

सर, तुम्ही उद्यापासून कंधारला जाणार. केंद्राच्या खोलीत तुमची खुर्ची रिकामी राहील आणि पिवळ्या खुणा येतच राहतील. आता त्या बघायचं काम माझ्याकडे दिलं आहे. मी प्रत्येक खुणेमागे एसटी धरीन, असं इथे सगळ्यांसमोर कबूल करतो. वहिनी, एवढी वर्षं तुमचा माणूस आम्हाला उसना दिलात, त्याबद्दल तुमचे आभार. प्राचार्यांचे, संस्थेचे आणि एवढा वेळ ऐकून घेतलेल्या आपणा सर्वांचे आभार. अध्यक्ष महोदय, आपण बेल वाजवली नाहीत, त्याबद्दल विशेष आभार.

शेवटी, बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते सभागृहाने पोटात घालावं, असं वक्ता म्हणतो. मीही म्हणतो. पण त्या अहवालाची माफी मी सभागृहाकडे मागत नाही. ती तिसऱ्या रांगेतल्या सहा जणींकडे मागतो आणि प्रत्येकीकडे वेगळी मागतो. ती आज मिळालीच पाहिजे असं नाही. ताई, तुमच्या भाषणाच्या कागदावर आभाराच्या ओळीत हासबे सरांच्या शेजारी माझं नाव लिहिलंय, हे मला काल तुमच्याकडूनच कळलं. माझ्या खिशाला पेन आहे. इकडे येताना ते घ्या, आणि नाव ठेवायचं की खोडायचं ते तुम्ही ठरवा.